हिरवी पेशंट आणि तिचं चूर्ण

बेंबीपासून सुरुवात

माझी बेंबी बाहेर आली तेव्हापासून मी तिला वर्षभर आत ढकलत होते. लिंबाएवढी गाठ. उभी राहिले की बाहेर, आडवी झाले की आत. खोकला आला की तळहातानं दाबून धरायची आणि कुणी विचारलं तर ‘वायू आहे’ म्हणायचं. घरी विचारणारी माणसं दोनच. मुलगा संजू, तो बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत आहे, आणि सून वैशाली, ती शाळेत शिकवते. दोघांनाही मी वायूवर गप्प केलं होतं. गेल्या वर्षीची मी म्हणजे पासष्ट वर्षांची एक हट्टी कार्टी होती. आता सहासष्ट पूर्ण झालीत आणि बऱ्यापैकी अक्कल आली आहे, म्हणून तिच्याबद्दल लिहिते.

लिहायला आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं. म्हणाले, आज्जी, तुम्ही बोलता तसंच लिहा, ऑपरेशन ठरलेल्या बायका वाचतील, ज्यांना येत नाही त्यांना कुणीतरी वाचून दाखवेल. तेव्हा यात औषधांची नावं शोधू नका, ती मला पाठ होत नाहीत. यात माझा गाढवपणा आहे. तो मात्र तोंडपाठ आहे.

गाठ आत जाईना तो दिवस

एका सकाळी भाकरी थापताना गाठ बाहेर आली आणि आत जाईचना. दाबली, चोळली, आडवी झाले, पाय वर केले. पोटात कळ आली, उलटी झाली, आणि पहिल्यांदा मला भीती वाटली. भीती वाटल्यावर मी काय केलं असेल? राहिलेल्या दोन भाकऱ्या थापल्या. पीठ मळलेलं होतं ना.

वैशालीनं मला गाडीत घातलं. आमच्या सांबऱ्याहून बेळगावात पोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि ती गप्प असली की माझं पोट जास्त दुखतं. डॉक्टर तरुण होते, संजूपेक्षाही लहान. त्यांनी मला झोपवून, पाय दुमडायला लावून, हळूहळू बोटांनी गाठ आत सारली. मग समोर बसून सांगितलं की हा हर्निया आहे, या खेपेला आत गेला, पुढच्या खेपेला अडकून बसला तर आतडं काळं पडेल आणि मग जिवावर येईल. ऑपरेशन करून आतून जाळी बसवायची.

“कसली जाळी?” मी विचारलं.

“मच्छरदाणी असती बघा, तशी. पोटाला आतनं ठिगळ.”

मला हसू आलं. वैशालीला आलं नाही. डॉक्टरांनी पुढं एक गोष्ट सांगितली, ती मी अगदी नीट ऐकली आणि ऐकलीच नाही असं दाखवलं. ते म्हणाले की तंबाखूची सवय असली तर आधी चार आठवडे पूर्ण बंद करावी लागते, मगच चाकू. नाहीतर जखम भरत नाही, पू होतो, आणि पू जाळीपर्यंत पोचला तर जाळी काढून टाकावी लागते. म्हणजे पोट पुन्हा उघडं आणि बेंबी पुन्हा रस्त्यावर.

निपाणीची हुशार पोरगी

आता माझं माहेर सांगायला हवं. निपाणी. आमच्याकडे हवेलाच तंबाखूचा वास. एकोणिसाव्या वर्षी मी वखारीत पानं निवडायला जायची. दाढ दुखायला लागली तर शेजारी बसणाऱ्या बाईनं चिमूटभर काळी पूड बोटावर दिली. मशेरी. तव्यावर भाजून काळा केलेला तंबाखू, दातांना चोळायचा. दाढ थांबली, डोकं गरगरलं, आणि मला वाटलं, मी आता मोठी बाई झाले.

त्या पोरीची शान काय सांगावी. एकदा वखारीत दोन बाया तंबाखूचे तोटे सांगायला आल्या. शेवटी त्यांनी विचारलं, कोण कोण शपथ घेणार? सगळ्यात आधी हात माझा. उभी राहून, मोठ्यांदा, काळ्याभोर दातांनी शपथ घेतली. त्या बाया इतक्या खूष झाल्या की मला पुढं बोलावून टाळ्या वाजवल्या. घरी जाऊन मी सगळ्यात आधी काय केलं ते तुम्ही ओळखलंच असेल.

लग्न होऊन सांबऱ्याला आले तर सासूबाईंना मशेरीचा वाससुद्धा चालायचा नाही. मग निपाणीची थोरली बहीण, आक्का, भाजून, वस्त्रगाळ करून, पाचक चूर्णाच्या डबीत भरून पाठवू लागली. डबीवर आवळ्याचं चित्र. सासूबाई गेल्या, मालक गेले, चूर्ण राहिलं. चव्वेचाळीस वर्षं माझ्या घरच्यांना वाटत आलं की मला अपचनाचा त्रास आहे.

आणि याच मी, संजू कॉलेजात गुटखा खातो हे कळल्यावर, त्याला अंगणात तुळशीपुढं उभं करून शपथ घ्यायला लावली होती. शेजारीपाजारी बघत होते. पोरगा रडला. त्यानं पुडी सोडली ती सोडलीच. त्याला सुट्टी दिल्यावर मी आत गेले आणि चूर्ण घेतलं, कारण मला फार ताण आला होता.

हिरवा गोल

ऑपरेशनच्या आधी सिस्टर हातात पाटीसारखी स्क्रीन घेऊन आली. महादेवी तिचं नाव. चिकोडीकडची, बोलणं कानडी वळणाचं, हात गार. तिनं वय विचारलं, वजन, साखर, बीपी, आधीची ऑपरेशनं. एका बाजूला संजू उभा, दुसऱ्या बाजूला वैशाली.

“आज्जी, तंबाकू, बिडी, गुटखा? काय हाय?”

संजूनं माझ्याकडे बघितलं. अभिमानानं बघितलं, हे लक्षात घ्या.

“आमच्या घरात त्याचं नाव घेत न्हाईत,” मी म्हणाले.

महादेवीनं बोट टेकवलं आणि थोड्या वेळानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. हिरवा गोल. मी विचारलं, हे काय? तिनं समजावलं की ऑपरेशननंतर जखम चिघळायचा धोका कुणाला किती, ते हे यंत्र आधीच सांगतं. हिरवा म्हणजे कमी. लाल म्हणजे जास्त. लाल पेशंटला जास्त दिवस ठेवून घेतात, रोज डॉक्टर जखम बघतात, घरी गेल्यावरही सारखा फोन करतात. हिरव्याला तिसऱ्या दिवशी घरी.

मला बोर्डात आल्यासारखं वाटलं. शेजारच्या पलंगावर खानापूरकडच्या पार्वतीबाई होत्या, त्यांचाही हर्नियाच. त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं होतं. साखर आहे, पान-तंबाखू होता, डॉक्टरांनी महिनाभर बंद करायला लावून मग बोलावलं. एवढं करूनसुद्धा गोल लाल. मी त्यांच्याकडे बघून ‘च्च’ केलं. मनात म्हणाले, बिचारी, सांगता येत नाही बाईला.

दवाखान्याची दिनचर्या

ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताना मी म्हणे आक्काला हाका मारत होते आणि ‘जरा जास्त भाज’ म्हणत होते. वैशालीला वाटलं, मी भाकरीबद्दल बोलते आहे.

दवाखान्यात सकाळ पाचला सुरू होते, का ते कुणालाच माहीत नसतं. ताप मोजतात, बीपी बघतात, फरशी पुसतात, मग सगळे निघून जातात आणि आपण जागे. चहा येतो तो साखरेच्या पाण्यात पिवळा रंग घातल्यासारखा. पार्वतीबाईंच्या पलंगापाशी रोज गर्दी. डॉक्टर त्यांची जखम बघणार, सिस्टर पट्टी बदलणार, कुणीतरी त्यांना हात धुवायला शिकवणार. माझ्याकडे लांबूनच, “आज्जी, बऱ्या हाय न्हवं?” मी म्हणायची, “लई बरी.” हिरव्या माणसाचं हेच दुःख, कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी तोंडाला आग लागली. मशेरीशिवाय दीड दिवस. डोकं ठणकतंय, जीभ कोरडी, समोरच्या भिंतीशी भांडावंसं वाटतंय. आणि दुपारी वैशाली डब्याची पिशवी घेऊन आली, त्यातनं स्वतःच्या हातानं आवळ्याच्या चित्राची डबी काढून माझ्या उशाशी ठेवली.

“आत्ती, तुमचं चूर्ण राहिलतं,” ती म्हणाली. सून मला आत्ती म्हणते. “पोट साफ व्हायला पायजे ना.”

त्या क्षणी मला सुनेबद्दल जे प्रेम वाटलं तसं तिच्या लग्नातही वाटलं नव्हतं.

भिंत धरून न्हाणीत गेले. बोट डबीत, बोट दातांवर. डोळे मिटले. स्वर्ग. बाहेर येऊन आडवी झाले तर पट्टीच्या खाली खाज. जखम भरायला लागली की खाजतं, असं कुणीतरी म्हणालं होतं. पट्टीची एक कड जरा उचलली आणि बोट आत घातलं. कुठलं बोट, ते लिहायला लाज वाटते, पण लिहायलाच बसले आहे. तेच बोट. धुतलं होतं का? पदराला पुसलं होतं.

हे मी त्या दिवशी दोनदा आणि दुसऱ्या दिवशी तीनदा केलं. मग हिरव्या मानानं घरी गेले.

ओला पदर

घरी तिसऱ्या दिवशी अंगात कणकण आली. मी गोधडी ओढून पडले आणि वैशालीला सांगितलं, हवा बदलली आहे. बेंबीच्या बाजूला टमाट्यासारखं लाल झालं होतं, हात लावला की कढत. मी काय केलं? लुगड्याची गाठ जरा वर बांधली, म्हणजे दिसायला नको. ती पासष्ट वर्षांची कार्टी तुम्हाला आता बऱ्यापैकी ओळखू यायला लागली असेल.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा पदर ओला होता. वैशालीनं बघितलं, पदर बाजूला केला, आणि शाळेत फोन लावला की आज येत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम दाबली. काय आलं ते सांगत नाही, जेवायच्या वेळी वाचत असाल. एक टाका काढून त्यांनी ते बाहेर काढलं, मी देवाला आणि डॉक्टरांच्या आईला सारख्याच हाका मारल्या. मग त्यांनी सांगितलं की आता शिरेतनं औषध चालू करतो, तीन-चार दिवसांत खाली उतरलं तर ठीक. नाही उतरलं तर पू जाळीला लागला असं धरायचं, आणि जाळी काढायची.

संजू फौंड्रीतनं तसाच आलेला, हाताला काळं. तो खाली बसला. मोठे डॉक्टर आले, त्यांनी स्क्रीन मागितली, हिरवा गोल बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. वय सोडलं तर धोक्याचं काहीच नाही, मग हे झालं कसं? मग त्यांनी महादेवीला विचारलं की पट्टी कुणी बदलली, हातमोजे होते का, ट्रेचं काय. आवाज मोठा नव्हता, पण सगळा वॉर्ड ऐकत होता. महादेवी ताठ उभी राहून कानडीत हळूहळू उत्तरं देत होती, आणि गार हातानं ट्रेमधली कात्री, चिमटे पुन्हा ओळीनं लावत होती.

मोठे डॉक्टर म्हणाले, सिस्टरला तूर्त पट्टीच्या कामावरून बाजूला ठेवा, चौकशी करू. ते गेले. तरुण डॉक्टर माझ्या पलंगाच्या कडेला बसले.

“आज्जी, यंत्राला चुकीचं सांगितलं तर ते चुकीचं सांगतंय. काय राहिलं का सांगायचं? आता औषध त्यावरच ठरणार.”

समोर संजू. उशाशी वैशाली. पलीकडे पार्वतीबाई, ज्यांची जखम कोरडी खडखडीत भरत होती आणि ज्यांना लाल म्हणून अजून ठेवून घेतलं होतं. माझी जाळी एकीकडे आणि चव्वेचाळीस वर्षांची इज्जत एकीकडे. खरं सांगते, मी बराच वेळ इज्जतीच्या बाजूनं होते. मग महादेवीचा हात आठवला.

“मी मशेरी लावती,” मी म्हणाले. “दिसातनं चारदा. हितं पण लावली. आणि त्याच बोटानं हितं खाजवलं.”

पार्वतीबाईंनी ‘च्च’ केलं.

“कुठली मशेरी?” संजू म्हणाला. “घरात कुठं हाय मशेरी?”

मी उशाकडे हात केला, डबी या खेपेलाही बरोबर आली होती. वैशालीनं डबी उचलली, उघडली, वास घेतला. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

“आत्ती. गौरीच्या जेवणानंतर मला गॅस झालता. तुमच्या डबीतलं अर्धा चमचा ताकात घालून घेतलतं मी.”

“व्हय.”

“दोन दिवस उलट्या झाल्या. मला वाटलं दिवस गेले. मी आईला फोन करून सांगितलं.”

“मी लिंबू चोळलं की गं तुझ्या कपाळाला.”

डॉक्टरांनी तोंडावर फाईल धरली. हसत होते का कसे, मला दिसलं नाही, पण फाईल हलत होती.

घरातला थंडावा

डॉक्टरांनी आधी मोठ्या डॉक्टरांना गाठलं आणि महादेवी संध्याकाळच्या आत कामावर परत आली. माझ्याकडे आली, पट्टी बदलली, आणि एकच वाक्य बोलली, “आज्जी, बोट माझ्या हातात द्या.” मग माझी दहाही नखं कापली, साबणानं बोट न बोट धुतलं, एखाद्या तान्ह्या पोराचं धुवावं तसं. मला रागवली असती तर परवडलं असतं.

संजू दोन दिवस बोलला नाही. यायचा, डबा ठेवायचा, जायचा. तिसऱ्या दिवशी बसला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, “मला गल्लीसमोर उभं केलतंस.”

मी म्हणाले, “चुकलं रं.”

त्याला एवढं आयुष्यात पहिल्यांदा ऐकायला मिळालं. तो इतका गोंधळला की माझं मोसंबं सोलून स्वतःच खाल्लं.

वैशाली मात्र बोलत होती. फार बोलत होती. सकाळी ब्रश आणि पेस्ट घेऊन समोर उभी. ती पेस्ट म्हणजे दाढीचा फेस तोंडात घेतल्यासारखी, वर पुदिन्याचा वास. मशेरी सुटल्यावर पहिले आठ-दहा दिवस काय होतं ते लपवणार नाही. झोप येत नाही, पोट साफ होत नाही, आणि जगातलं प्रत्येक माणूस मूर्ख वाटतं. मी पार्वतीबाईंशी त्यांच्या चपलांवरून भांडले. त्या शांतपणे म्हणाल्या, मला पण असंच झालतं, बडीशेप चघळा. चघळली. त्यांनी आपल्या पिशवीतनं दिली होती.

चौथ्या दिवशी लाली खाली आली. डॉक्टरांनी जखम बघितली, पुन्हा बघितली, आणि म्हणाले, जाळी राहिली. वैशाली व्हरांड्यात जाऊन रडली. मला ते पार्वतीबाईंनी सांगितलं, मला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं तरी.

मग डॉक्टरांनी माझ्यासमोर बसून तो फॉर्म पुन्हा भरला. खरा. गोल लाल झाला, टमाट्यासारखा. ते म्हणाले, आधीच असं कळलं असतं तर महिना थांबलो असतो, जास्त दिवस ठेवून घेतलं असतं, रोज बघितलं असतं. यंत्र बरोबरच होतं, आज्जी. मी म्हणाले, यंत्र बरोबर असेल, तुमचा प्रश्न चुकीचा आहे. आमच्याकडच्या बाईला मुलासुनेसमोर ‘तंबाखू आहे का’ विचारल्यावर ती काय म्हणणार? आधी घरच्यांना बाहेर काढा. मग दात कशानं घासता, ते विचारा.

त्यांनी ते लिहून घेतलं. मला वाटलं, समजूत काढतायत.

गुरुवार

समजूत नव्हती. आता गुरुवारी मी दवाखान्यात जाते. पगार नाही, खुर्ची आहे. ऑपरेशन ठरलेल्या बायकांशी बोलायचं, महादेवी स्क्रीन घेऊन शेजारी.

मागच्या गुरुवारी निपाणीकडच्या एक बाई आल्या, पित्ताशयाच्या ऑपरेशनला. दोन धिप्पाड मुलं दोन बाजूंना. मी त्यांना खाली चहाला पिटाळलं. मग विचारलं, बाई, दात कशानं घासता?

“पेस्टनं,” त्या म्हणाल्या. हसताना ओठ मिटलेले.

मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं. पहिलं बोट टोकाला काळपट. त्यांनी मूठ मिटली.

“सांगितलं तर ऑपरेशन करणार न्हाईत व्हय?”

“करतील की. महिन्यानं. पण जखम नीट भरंल.”

“पोरांना सांगणार?”

“मी न्हाय सांगणार. तुमचं तुमी सांगा, जमंल तवा. मी ऐनवेळी सगळ्यांसमोर सांगितलं, तसं नका करू. लई वाईट जातंय.”

त्यांनी महादेवीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, मग कंबरेच्या पिशवीतनं प्लॅस्टिकची पुडी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

“महिनाभर सांभाळा. पण परत द्यायची हां.”

पुडी चांगली भाजलेली होती. घट्ट बांधलेली होती तरी वास आला. महादेवीनं माझ्याकडे बघितलं आणि हात पुढं केला. मी पुडी दिली. लगेच दिली असं लिहिणार होते, पण वैशाली हे वाचणार आहे, आणि महादेवीनं तिला आधीच सांगितलं आहे की पुडी घेताना माझी बोटं एकेक करून उघडावी लागली.